तीन गोलांचा पराभव आणि विश्वचषकाची वाट

खेळाच्या मैदानावर नवखा संघ बलाढ्य संघासमोर उभा ठाकला, की त्याच्या पाठीराख्यांत बहुधा दोन तट पडतात. 'आज काहीतरी चमत्कार घडेल' अशी आशा एक तट बाळगतो. तर 'हरायचेच आहे, मग तीन गोलांनी काय आणि दहा गोलांनी काय' असे दुसरा तट म्हणतो. महिला फुटबॉलच्या बाबतीत या दुसऱ्या तटाचा सूर पुष्कळदा आणखी खाली जातो आणि 'मग मुलींच्या संघावर खर्च कशासाठी?' या प्रश्नापाशी येऊन थांबतो. हा प्रश्न केवळ चहाच्या दुकानात विचारला जातो असे नाही. शाळेच्या क्रीडासाहित्याची मागणी पुढे आली किंवा गावातील मोकळी जागा मैदानासाठी राखून ठेवण्याचा विषय ग्रामसभेपुढे आला, की तो तेथेही विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

हे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. आशियाई महिला फुटबॉल चषक स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महाराष्ट्रातच भरली होती. मुंबईत अंधेरी येथील क्रीडासंकुल, नवी मुंबईतील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगण आणि पुण्याजवळ बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल या तीन ठिकाणी सामने झाले. अंतिम सामन्यात चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढून दक्षिण कोरियाचा ३-२ असा पराभव केला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. परंतु याच स्पर्धेतून व्हिएतनाम आणि फिलिपाईन्स या दोन विकसनशील संघांनी महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळविला, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. हे दोन्ही संघ जपान, चीन, कोरिया किंवा ऑस्ट्रेलिया यांच्या तोडीचे नव्हते आणि यांपैकी एकालाही त्यांनी त्या स्पर्धेत हरविले नाही. तरीही ते विश्वचषकाला पोहोचले. ते कसे, हे पाहिले म्हणजे दुबळ्या संघाने आशा कशावर ठेवावी याचा उलगडा होतो.

संधीचे दार रुंद झाले

प्रथम स्पर्धेची रचना लक्षात घेतली पाहिजे. आशियाई चषकाच्या अंतिम फेरीत पूर्वी ८ संघ असत. २०२२ पासून ही संख्या १२ करण्यात आली. महिला विश्वचषकातील संघांची संख्याही २०२३ च्या स्पर्धेपासून २४ वरून ३२ झाली. ऑस्ट्रेलिया हा न्यूझीलंडसह विश्वचषकाचा यजमान असल्याने त्याची जागा आधीच निश्चित होती. त्याखेरीज आशियातील पाच संघांना थेट प्रवेश मिळणार होता आणि आणखी दोघांना अन्य खंडांतील संघांशी खेळून नशीब अजमावता येणार होते.

१२ संघांचे तीन गट करण्यात आले होते. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सरस ठरणारे दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. या नियमाचा अर्थ असा, की बलाढ्य संघाकडून हरूनही स्पर्धेत टिकून राहता येत होते. मात्र किती गोलांनी हरलो, याला महत्त्व आले होते. ज्या देशांनी हा हिशेब आधी ओळखला त्यांनी त्याप्रमाणे खेळाची आखणी केली.

एका गोलाचे मोल

व्हिएतनामच्या गटात जपान, दक्षिण कोरिया आणि म्यानमार हे संघ होते. स्पर्धेपूर्वी स्पेनमधील सराव शिबिरात व्हिएतनामच्या खेळाडूंना कोविडच्या साथीने गाठले होते. अशा स्थितीत हा संघ कोरियाकडून ०-३ आणि जपानकडूनही ०-३ असा हरला. दोन सामने, दोन पराभव आणि स्वतःचा एकही गोल नाही, असे हे चित्र होते. वरवर पाहणाऱ्या पाठीराख्याने येथेच आशा सोडली असती.

पण त्याच गटातील म्यानमारची स्थिती काय होती? तो संघ जपानकडून ०-५ आणि कोरियाकडून ०-२ असा हरला होता. म्हणजे व्हिएतनामने एकंदर सहा, तर म्यानमारने सात गोल स्वीकारले होते. या दोन संघांतील शेवटचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोघांच्या खाती एकेक गुण जमा झाला. गोलफरकाच्या नियमाने व्हिएतनाम तिसऱ्या आणि म्यानमार चौथ्या क्रमांकावर आला. व्हिएतनामने जपान किंवा कोरियाविरुद्ध आणखी एकच गोल स्वीकारला असता, तर गुण, गोलफरक आणि केलेले गोल या सर्व बाबतींत दोन्ही संघ तंतोतंत बरोबरीत आले असते. आणखी दोन गोल स्वीकारले असते, तर व्हिएतनाम स्पर्धेबाहेर गेला असता.

उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनाम चीनकडून १-३ असा हरला. मात्र त्या फेरीपर्यंत पोहोचल्यामुळेच विश्वचषकाच्या उरलेल्या थेट जागेसाठी थायलंड आणि चिनी तैपेई यांच्याशी खेळण्याचा हक्क त्याला मिळाला. नवी मुंबईत त्याने थायलंडला २-० आणि चिनी तैपेईला २-१ असे हरविले आणि ही जागा पटकावली. या विजयाला पार्श्वभूमी होती. आठ वर्षांपूर्वी, २०१४ साली, हो चि मिन्ह शहरात स्वतःच्या प्रेक्षकांसमोर अशाच निर्णायक सामन्यात व्हिएतनाम थायलंडकडून १-२ असा हरला होता आणि २०१५ च्या विश्वचषकाला थायलंडचा संघ गेला होता. त्या पराभवानंतर संघ मोडीत निघाला नाही. प्रशिक्षण चालू राहिले, देशांतर्गत स्पर्धा चालू राहिल्या आणि आठ वर्षांनी उत्तर मिळाले.

'तीन गोलांनी काय आणि दहा गोलांनी काय' असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही. बलाढ्य संघासमोर शेवटच्या मिनिटापर्यंत शिस्तीने उभी राहणारी बचावफळी आणि जागरूक गोलरक्षक यांनी अडविलेला प्रत्येक गोल जमेच्या बाजूस लिहिला जातो.

बरोबरीच्या संघावर मात

फिलिपाईन्सची वाटचाल थोडी वेगळी आहे. २०१८ च्या आशियाई चषकात हा संघ थायलंडकडून १-३ असा हरला आणि पाचव्या क्रमांकासाठीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने त्याचा ०-५ असा धुव्वा उडविला. त्यामुळे २०१९ चा विश्वचषक हुकला. २०२२ साली महाराष्ट्रात तो ऑस्ट्रेलियाकडून ०-४ असा हरला. पण थायलंडला त्याने १-० आणि इंडोनेशियाला ६-० असे नमविले. पुण्यातील उपांत्यपूर्व सामन्यात चिनी तैपेईशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर त्याने पेनल्टी किकांवर ४-३ असा विजय मिळविला. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल आणि निर्णायक गोल करणारी सरिना बोल्डेन या दोघी त्या विजयाच्या मानकरी ठरल्या. उपांत्य सामन्यात कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला, तरी विश्वचषकाचे दार तोपर्यंत उघडलेले होते.

या यशाविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. फिलिपाईन्सच्या संघातील बऱ्याच खेळाडू अमेरिकेत वाढलेल्या, तेथील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर घडलेल्या फिलिपिनो वंशाच्या मुली होत्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक अलेन स्टायचिच यांच्याकडे संघाची सूत्रे होती. हा मार्ग प्रत्येक देशाला उपलब्ध नसतो. मात्र त्यातूनही एकच गोष्ट सिद्ध होते : लहान वयात नियमित खेळण्याची संधी ज्या मुलींना मिळते, त्या पुढे कोणत्याही संघाची ताकद वाढवितात.

दोन्ही संघांचा अनुभव एकत्र ठेवला, तर पाठीराख्यांच्या आशेला तीन पायऱ्या असल्याचे दिसते. बलाढ्य संघाकडून होणारा पराभव आटोक्यात ठेवणे ही पहिली पायरी. आपल्या बरोबरीच्या संघाला निर्णायक वेळी हरविणे ही दुसरी. बलाढ्य संघावर एखादा विजय मिळविणे ही तिसरी, आणि ती पहिल्या दोन चढल्याशिवाय गाठता येत नाही.

विश्वचषकाच्या मैदानावर

२०२३ च्या विश्वचषकात व्हिएतनामचा पहिला सामना २२ जुलै रोजी ऑकलंड येथे गतविजेत्या अमेरिकेशी झाला. याच अमेरिकेने २०१९ च्या विश्वचषकात थायलंडवर १३-० असा विजय मिळविला होता. त्यामुळे व्हिएतनामच्या पाठीराख्यांच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो सामना ०-३ असा संपला. गोलरक्षक त्रान थी किम थान हिने ॲलेक्स मॉर्गन या नामांकित खेळाडूची पेनल्टी किक अडविली. पोर्तुगालविरुद्ध निकाल ०-२ असा लागला. शेवटच्या सामन्यात मात्र नेदरलँड्सने ७-० असा मोठा विजय मिळविला. तीन सामन्यांत एकही गोल न करता व्हिएतनामचा संघ परतला. अंतर कमी झाले होते, पण मिटले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

फिलिपाईन्सने मात्र तिसरी पायरी चढून दाखविली. स्वित्झर्लंडकडून ०-२ अशी हार पत्करल्यावर २५ जुलै रोजी वेलिंग्टन येथे त्याने यजमान न्यूझीलंडला १-० असे हरविले. सरिना बोल्डेनचा तो गोल विश्वचषकातील त्या देशाचा पहिला गोल होता. पुढच्याच सामन्यात नॉर्वेने त्यांना ६-० असे पराभूत केले आणि फिलिपाईन्सची वाटचाल गटातच संपली. त्याच स्पर्धेत जर्मनीकडून ०-६ असा हरलेला मोरोक्कोचा संघ दक्षिण कोरिया आणि कोलंबिया यांना प्रत्येकी १-० असे हरवून बाद फेरीत गेला. २०१९ साली तिन्ही सामने हरलेल्या जमैकाने २०२३ साली फ्रान्स आणि ब्राझील यांना गोलशून्य बरोबरीत रोखून बाद फेरी गाठली. एका सामन्यातील मोठा पराभव हा संघाच्या योग्यतेचा अखेरचा निवाडा नव्हे, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

अंतर कशाचे असते?

बलाढ्य आणि विकसनशील संघांतील अंतर म्हणजे जिद्दीचे अंतर, असा एक गोड गैरसमज आहे. वस्तुतः हे अंतर खेळलेल्या तासांचे आणि सामन्यांचे असते. ज्या देशांत मुलगी सहा-सात वर्षांची असताना चेंडू खेळू लागते, ती राष्ट्रीय संघात येईपर्यंत शेकडो सामने खेळलेली असते. चेंडू येण्यापूर्वीच आजूबाजूस पाहून घेणे, दोन्ही पायांनी चेंडू थांबविणे, जागा सोडून धावत न सुटणे या गोष्टी तिच्या अंगवळणी पडलेल्या असतात. जी मुलगी चौदाव्या वर्षी प्रथम मैदानावर येते, तिला त्या जाणीवपूर्वक शिकाव्या लागतात आणि दमछाक झाली, की नेमक्या त्याच प्रथम सुटतात.

दमछाकीचा संबंध आहाराशीही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. रक्तात लोहाची कमतरता असलेल्या मुलीकडून ९० मिनिटे धावण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. म्हणूनच शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी आणि शालेय पोषण आहार यांचाही संघाच्या गोलफलकाशी संबंध आहे.

शेजाऱ्याचा धडा

या बाबतीत शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण आपणांस अधिक जवळचे आहे, कारण त्यात बलाढ्य प्रतिस्पर्धी आपणच होतो. २०१० साली दक्षिण आशियाई महिला स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा भारताने बांगलादेशाला ६-० असे हरविले होते. पहिल्या पाचही स्पर्धा भारतानेच जिंकल्या. त्यानंतर २०२२ साली काठमांडू येथे बांगलादेशाने भारताला ३-० असे हरविले आणि अंतिम सामन्यात नेपाळवर ३-१ अशी मात करून विजेतेपद मिळविले. २०२४ सालीही हे विजेतेपद त्याच संघाने राखले आणि २०२५ च्या जुलैमध्ये म्यानमारला २-१ असे नमवून आशियाई चषकाची पात्रता प्रथमच संपादन केली.

बारा वर्षांत एवढा पालट कशामुळे झाला? त्याच्या कारणांपैकी एक प्राथमिक शाळेत सापडते. २०११ साली त्या देशात प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंग जिल्ह्यातील कलसिंदूर या खेड्यातील शासकीय प्राथमिक शाळेने त्या स्पर्धेत नाव मिळविले. शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील तेथील अनेक मुली पुढे वयोगटांच्या आणि राष्ट्रीय संघांत गेल्या. उत्साही शिक्षक, शाळेपुढचे पटांगण आणि दरवर्षी ठरल्या वेळी होणारी स्पर्धा, एवढ्या भांडवलावर ही सुरुवात झाली. आपल्या देशातही हरियाणातील भिवानी जिल्ह्यात अलखपुरा या गावाने मुलींच्या फुटबॉलमध्ये असाच लौकिक मिळविला आहे, आणि मणिपूरने तर राष्ट्रीय महिला स्पर्धेवर वर्षानुवर्षे वर्चस्व गाजविले आहे.

भारतीय संघाची वाटचाल

भारतीय महिला संघाचा इतिहास चढ-उतारांचा आहे. आशियाई महिला स्पर्धेत १९८० साली कालिकत येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे भारत उपविजेता होता. १९८३ च्या अंतिम सामन्यात थायलंडने आपला ३-० असा पराभव केला. पुढे चीन आणि जपान यांसारख्या देशांनी महिला फुटबॉलकडे नियोजनपूर्वक लक्ष पुरविले आणि आपण मागे पडलो. १९९८ च्या बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धेत चीनकडून ०-१६ अशी हार स्वीकारावी लागली. २०२२ साली यजमान म्हणून आपला संघ नवी मुंबईत उतरला. इराणशी पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पण कोविडची लागण झाल्याने चिनी तैपेईविरुद्ध पुरेसे खेळाडू उभे करता आले नाहीत आणि स्पर्धेतून माघार घेतल्याचे जाहीर झाले. व्हिएतनाम ज्या वाटेने विश्वचषकाला गेला, ती वाट आपल्या दारातून जात असूनही आपणांस तीवर पाऊल ठेवता आले नाही.

या पार्श्वभूमीवर २०२५ साली चियांग माई येथे झालेल्या पात्रता स्पर्धेकडे पाहिले पाहिजे. मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक यांच्यावर मोठे विजय मिळवून भारताची ५ जुलै रोजी यजमान थायलंडशी गाठ पडली. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ व्या आणि भारत ७० व्या स्थानी होता. संगीता बासफोर हिच्या दोन गोलांच्या बळावर भारताने हा सामना २-१ असा जिंकला आणि पात्रता फेरीतून आशियाई चषकात जाण्याचा मान प्रथमच मिळविला. वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी दुसरी पायरी ती हीच. पहिल्या पायरीसाठी, म्हणजे जपानसारख्या संघांसमोर ९० मिनिटे तग धरण्यासाठी, मात्र एखाद-दुसऱ्या शिबिराने भागत नाही. त्यासाठी खालचा पाया रुंद असावा लागतो.

गावपातळीवर काय करता येईल?

हा पाया गावात आणि शाळेत घातला जातो. त्यासाठी पूर्ण आकाराचे मैदानच हवे असे नाही. सात-सात खेळाडूंचा सामना सुमारे ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागेत उत्तम प्रकारे खेळता येतो. जमीन सपाट असावी, दगड-काचा वेचून काढाव्यात आणि लहान मुलींसाठी चेंडू एक माप लहान घ्यावा. आठवड्यातून किमान तीन दिवस ठरल्या वेळी खेळ व्हावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केंद्र आणि तालुका पातळीवर वर्षातून एकदाच बाद पद्धतीची स्पर्धा घेण्याऐवजी साखळी सामने घ्यावेत. बाद पद्धतीत निम्मे संघ एकेक सामना खेळून घरी जातात. साखळीत दुबळ्यात दुबळ्या शाळेलाही चार-पाच सामने मिळतात, आणि शिकायचे असते ते सामन्यातूनच.

बारा ते चौदा या वयात मुलींचा खेळ सुटतो, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. मैदानाजवळ स्वच्छतागृह असणे, सराव अंधार पडण्यापूर्वी संपणे, मुली घरी सुखरूप पोहोचतील याची व्यवस्था असणे आणि सोबत एखादी शिक्षिका अथवा गावातील जबाबदार महिला असणे, एवढ्या गोष्टी साधल्या तरी अनेक पालकांचा विरोध मावळतो. शाळेचा संघ हरून आला, तर ग्रामसभेत निकालासोबत आणखी तीन प्रश्न विचारले जावेत : गेल्या वर्षापेक्षा किती मुली खेळल्या? किती सामने झाले? आणि पराभवाचे अंतर किती कमी झाले? संघाचा खरा अहवाल या तीन उत्तरांत असतो.

पुण्याच्या मैदानावर व्हिएतनामच्या मुलींनी जपान आणि कोरियाविरुद्ध चौथा गोल होऊ दिला नाही, म्हणून त्यांच्यासाठी विश्वचषकाची वाट खुली राहिली. असा चौथा गोल अडविणारी मुलगी आपल्याकडील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या इयत्ता दुसरीत आजही बसलेली असू शकेल. तिच्यासाठी पटांगण मोकळे ठेवणे आणि तिच्या हाती वेळेवर चेंडू देणे, हे काम ग्रामपंचायत आणि शाळा यांना या वर्षीच हाती घेता येईल.